हेन्द्रिक विलेम मेस्डाख यांची चांदण्यातील समुद्रचित्रे : एक चिकित्सा

प्रास्ताविक

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हॉलंडमध्ये चित्रकारांचा जो समूह 'हेग संप्रदाय' या नावाने ओळखला गेला, त्यात हेन्द्रिक विलेम मेस्डाख (१८३१-१९१५) यांचे स्थान निर्विवाद आहे. समुद्र हा त्यांचा जवळजवळ एकमेव विषय होता. सकाळचा, वादळाआधीचा, सूर्यास्ताचा आणि चांदण्यातला समुद्र त्यांनी चार दशकांहून अधिक काळ रंगवला. त्यांपैकी चांदण्यातल्या समुद्राच्या चित्रांकडे समीक्षेने पुरेशा गांभीर्याने पाहिलेले नाही. मेस्डाख म्हटले की १८८१ चे भव्य 'पॅनोरामा' चित्र आणि दिवसाच्या प्रकाशातील उसळत्या लाटा यांचीच चर्चा होते. चांदण्यातील चित्रे मात्र ग्राहकांच्या आवडीसाठी केलेली, सुबक आणि काहीशी भावुक अशी मानून बाजूला ठेवली जातात.

प्रस्तुत निबंधात या चित्रांचा एक गट म्हणून विचार केला आहे. त्यांची सर्वसाधारण ठेवण अशी आढळते : समोर पसरलेले पाणी, नांगरलेल्या किंवा संथपणे चाललेल्या मासेमारी होड्यांच्या काळ्या छायाकृती, ढगांनी अर्धवट झाकलेला चंद्र आणि त्याच्याखाली पाण्यावर उतरलेला प्रकाशाचा पट्टा. रंग मोजकेच असतात. राखाडी, करडा, मंद हिरवट निळा आणि प्रकाशाच्या जागी पिवळसर पांढरा. या साध्या मांडणीतून दोन प्रश्न उभे राहतात. प्रत्यक्ष पाहण्यावर निष्ठा असलेला चित्रकार जेथे नीट पाहताच येत नाही अशा रात्रीकडे का वळतो? आणि या चित्रांतील चंद्र सौंदर्याचे केवळ साधन आहे, की चित्रातील जीवनाशी त्याचा काही आवश्यक संबंध आहे?

चित्रकाराची पार्श्वभूमी

मेस्डाख यांचा जन्म ग्रोनिंगेन येथे एका सधन घराण्यात झाला. वडिलांच्या पेढीत त्यांनी अनेक वर्षे काम केले. १८६६ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, तो व्यवसाय सोडून ते पूर्णवेळ चित्रकलेकडे वळले. त्यांच्या पत्नी सीन्त्ये व्हान हाउटेन याही पुढे चित्रकार म्हणून नावारूपाला आल्या. आप्त असलेले चित्रकार अल्मा-ताडेमा यांच्या सल्ल्याने मेस्डाख ब्रुसेल्सला गेले आणि विलेम रुलॉफ्स यांच्या मार्गदर्शनाखाली शिकले. १८६८ च्या उन्हाळ्यात उत्तर समुद्रातील नॉर्डरनाय या बेटावर राहिल्यानंतर आपला विषय समुद्र हाच, हे त्यांना निश्चितपणे उमगले. १८६९ मध्ये ते हेग येथे स्थायिक झाले आणि जवळच्या स्खेवेनिंगेन या मच्छीमार गावात समुद्र दिसेल अशी खोली त्यांनी भाड्याने घेतली. पुढच्याच वर्षी, १८७० च्या पॅरिसच्या 'सालाँ' प्रदर्शनात, उत्तर समुद्राच्या फुटत्या लाटांच्या चित्राला सुवर्णपदक मिळाले.

या तपशिलातून एक गोष्ट स्पष्ट होते. मेस्डाख यांची समुद्राविषयीची निष्ठा ही निरीक्षणाची निष्ठा आहे. खिडकीतून दररोज पाहायचे, हवामान बदलताच नोंद करायची आणि तिच्या आधारे चित्र रचायचे, ही त्यांची पद्धत. या पद्धतीची खरी परीक्षा रात्रीच्या चित्रात होते.

रात्री डोळ्यांना काय दिसते

चांदण्यातील दृश्य 'जसेच्या तसे' रंगवणे अशक्य असते. त्याची कारणे डोळ्याच्या रचनेत आहेत. पूर्ण चंद्राचा प्रकाश दुपारच्या उन्हाच्या सुमारे चार लाखांश इतकाच असतो. इतक्या मंद प्रकाशात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी फारशा काम करीत नाहीत. दृष्टीचा भार दंडपेशींवर पडतो, आणि त्यांना रंगभेद कळत नाही. प्रकाश मंदावत गेला की तांबडे रंग आधी काळवंडतात आणि निळसर छटा तुलनेने उजळ वाटतात, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच पर्किन्ये या शरीरशास्त्रज्ञाने नोंदवली होती. चांदणे निळसर वाटते, पण चंद्रावरून परावर्तित होणारा प्रकाश सूर्यप्रकाशापेक्षा किंचित तांबूसच असतो. निळेपण चांदण्यात नसते, ते पाहणाराच त्यात भरतो.

दुसरी अडचण रंगद्रव्यांची आहे. आकाशातील चंद्रबिंब आणि त्याखालचे काळे पाणी यांच्या तेजस्वितेत लाखो पटींचे अंतर असू शकते. कॅनव्हासवरील पांढरा आणि काळा रंग यांच्यातील अंतर मात्र काही दशपटींपलीकडे जात नाही. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्स यांनी १८७१ ते १८७३ या काळातील चित्रकलाविषयक व्याख्यानांत याच मुद्द्याची चर्चा केली. चित्रकार तेजाची नक्कल करीत नाही, तो तेजांमधील प्रमाणांचे आपल्या साधनांच्या भाषेत रूपांतर करतो, हे त्यांच्या विवेचनाचे सूत्र होते. शिवाय, ज्या अंधारात चांदणे पाहायचे त्याच अंधारात रंगपाटीवरील रंग ओळखता येत नाहीत. दिवा लावावा तर अंधाराला सरावलेली दृष्टी जाते. त्यामुळे रात्रीचे चित्र स्मरणातूनच करावे लागते. मेस्डाख यांचे समकालीन व्हिस्लर यांनी तर थेम्सच्या रात्रीची चित्रे काढताना दृश्य मनात साठवून नंतर चित्रशाळेत रंगवण्याची रीतच बसवली होती.

मेस्डाख यांच्या चित्रांतील मोजका रंगपट या संदर्भात पाहिला पाहिजे. मेणबत्ती आणि चंद्र यांच्या प्रकाशाचे नाट्य रंगवणाऱ्या पेत्रुस व्हान स्खेंडेल यांच्यासारख्या आधीच्या पिढीतील चित्रकारांच्या तुलनेत मेस्डाख यांची रात्र फिकी वाटते. तिच्यात गडद जांभळे आकाश नसते, चकाकणारी निळाई नसते. या फिकेपणाला उणीव म्हणणे सोपे आहे. परंतु दंडपेशींनी पाहिलेल्या जगाशी तो अधिक प्रामाणिक आहे. रात्री जेवढे दिसत नाही तेवढे न दाखवण्याचा संयम येथे आहे, आणि निरीक्षणाची निष्ठा स्मरणाच्या प्रदेशातही टिकून राहते ती या संयमामुळे.

प्रकाशाचा पट्टा आणि पाहणाऱ्याची जागा

चांदण्यातील समुद्रचित्राचा सर्वांत परिचित घटक म्हणजे पाण्यावरचा प्रकाशाचा पट्टा. पाणी स्तब्ध असते तर चंद्राचे एकच प्रतिबिंब दिसले असते. लाटांचे असंख्य लहान उतार वेगवेगळ्या कोनांत कललेले असल्यामुळे त्यांपैकी जे उतार चंद्राचा प्रकाश नेमका आपल्या डोळ्याकडे वळवतात तेवढेच चमकतात, आणि त्यांची रांग चंद्राखालून आपल्यापर्यंत येते. उट्रेख्ट येथे अध्यापन केलेले खगोलशास्त्रज्ञ मार्सेल मिनार्ट यांनी १९३७ मध्ये उघड्या माळावरच्या भौतिकशास्त्रावर जे पुस्तक लिहिले, त्यात अशा प्रकाशस्तंभांचा बारकाईने विचार आहे. यातून निघणारा निष्कर्ष समीक्षेच्या दृष्टीने मोलाचा आहे. हा पट्टा समुद्रावर 'असत' नाही. किनाऱ्यावर शंभर पावलांवर उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाला त्याचा स्वतःचा निराळा पट्टा दिसतो. पट्टा रंगवणे म्हणजे पाहणारा कोठे उभा आहे हे चित्रात नोंदवणे होय.

ही गोष्ट मेस्डाख यांच्या 'पॅनोरामा'शी ताडून पाहावी. सुमारे १४ मीटर उंच आणि सुमारे १२० मीटर परिघाचे हे गोलाकार चित्र बेल्जियममधील एका कंपनीच्या मागणीवरून १८८१ मध्ये अवघ्या काही महिन्यांत पूर्ण झाले. सीन्त्ये, ब्राइटनर, दे बॉक आणि ब्लॉमर्स यांचे त्यात साहाय्य होते. स्खेवेनिंगेनच्या एका उंच वाळूच्या टेकडीवरून दिसणारा संपूर्ण परिसर, म्हणजे समुद्र, होड्या, गाव आणि हेग शहर, त्यात सामावला आहे. तेथे प्रेक्षक मध्यभागी, उंचावर उभा राहतो. चित्रावर पडणारा प्रकाश वरच्या काचेतून येणारा खरा दिवसाचा प्रकाश असतो. सर्व काही एकाच वेळी दिसावे ही त्या चित्राची प्रतिज्ञा आहे, आणि म्हणूनच त्यात रात्रीला जागा नाही.

चांदण्यातील चित्रांत ही व्यवस्था उलटते. क्षितिजरेषा नेहमी पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असते, हा यथार्थदर्शनाचा साधा नियम आहे. या चित्रांत होड्यांच्या डोलकाठ्या क्षितिजाच्या कितीतरी वर जातात, याचा अर्थ पाहणाऱ्याचा डोळा खाली, ओल्या वाळूच्या किंवा होडीच्या काठाच्या पातळीवर आहे. टेकडीवरून सर्व परिसर ताब्यात घेणारी नजर येथे उरत नाही. प्रकाशाची एक अरुंद पट्टी आणि तिला छेदणाऱ्या काही छायाकृती एवढेच तिच्या वाट्याला येते. एकाच चित्रकाराच्या, एकाच किनाऱ्याच्या या दोन दृष्टी आहेत, आणि दुसरी नजर खाली उतरली म्हणून तिला दुय्यम मानण्याचे कारण नाही.

चंद्र : उद्दीपन की कारण?

संस्कृत साहित्यशास्त्रात चंद्रोदय हा शृंगाराच्या उद्दीपनविभावांत गणला जातो. भाव मनात आधीच असतो, चंद्र त्याला चेतवतो. युरोपीय स्वच्छंदतावादी चित्रकलेतही चंद्राचे कार्य बरेचसे असेच आहे, फक्त शृंगाराच्या जागी चिंतन किंवा विरह येतो. कास्पार डाव्हिड फ्रीडरिश यांच्या १८२२ मधील 'समुद्रावरील चंद्रोदय' या चित्रात खडकावर बसलेली तीन माणसे दूरवर परतणारी जहाजे पाहत आहेत. आपण त्यांना पाठमोरे पाहतो आणि त्यांच्याबरोबर चंद्र पाहू लागतो. चित्राचा विषय समुद्राइतकाच त्या माणसांचे पाहणे हाही आहे.

मेस्डाख यांच्या चांदण्यात अशी माणसे सहसा नसतात. चंद्राकडे टक लावून बसलेले कोणी नाही. आहेत त्या होड्या, आणि त्या तेथे शोभेसाठी आलेल्या नाहीत. स्खेवेनिंगेनला बंदर नव्हते. तेथील 'बॉम' नावाच्या होड्या तळाला सपाट आणि लांबीच्या जवळजवळ निम्म्या रुंदीच्या असत, कारण त्यांना थेट वाळूवर येऊन टेकायचे असे. भरतीच्या पाण्यावर आत यायचे, ओहोटी लागली की वाळूवर बसायचे, मासळी उतरवायची आणि पुढच्या भरतीला पुन्हा पाण्यात जायचे, असा त्यांचा क्रम. भरती सुमारे सव्वाबारा ते साडेबारा तासांनी येते. तिला दिवस आणि रात्र सारखीच. पौर्णिमेच्या आसपास उधाण येते तेव्हा पाणी वाळूवर अधिक वर चढते. म्हणजे चित्रातील पूर्ण चंद्र ज्या पाण्यावर चमकतो, ते पाणी किनाऱ्यावर चढवणाराही तोच आहे.

मासेमारीचा विचार केला तर हा संबंध आणखी घट्ट होतो. हेरिंग मासा रात्री पाण्याच्या वरच्या थरात येतो. त्यासाठी संध्याकाळी जाळ्यांची लांबलचक माळ पाण्यात उभी सोडली जाई, होडी रात्रभर तिच्याबरोबर वाहत राही आणि उत्तररात्री सर्व माणसे मिळून जाळी ओढत. १८५७ च्या मासेमारी कायद्याने जुने निर्बंध दूर केल्यावर स्खेवेनिंगेनसारख्या किनाऱ्यावरील गावांना हेरिंग समुद्रावरच साफ करून खारवण्याची मोकळीक मिळाली आणि हा व्यवसाय वाढला. या लोकांसाठी रात्र ही विश्रांतीची किंवा चिंतनाची नसून कामाची वेळ होती.

हे ध्यानात घेतले म्हणजे मेस्डाख यांच्या चांदण्याचा अर्थ बदलतो. शांत पाण्यावर थांबलेल्या होड्या पाहून आपण जिला निवांतपणा समजतो, ती प्रत्यक्षात भरतीची किंवा जाळी ओढण्याची प्रतीक्षा असते. चंद्र येथे उद्दीपनविभाव राहत नाही, श्रमाच्या वेळापत्रकाचा तो एक घटक होतो. चित्रकाराने हे शब्दांनी सांगितले नसले, तरी होड्यांच्या जागा, त्यांची नांगरलेली स्थिती आणि पाहणाऱ्याची खाली उतरलेली नजर यांतून ते सूचित होते.

एक गंभीर आक्षेप

येथवरचे विवेचन चित्रकाराच्या बाजूचे झाले. त्याला एक आक्षेप घेता येतो, आणि तो टाळता येणार नाही. चांदण्यात माणसांचे चेहरे दिसत नाहीत. फाटके कपडे, थकलेले खांदे, गळकी होडी हे सारे छायाकृतीत लुप्त होते. सधन घरात वाढलेल्या चित्रकाराने सधन ग्राहकांसाठी काढलेल्या या चित्रांत दारिद्र्य अंधाराने सोयीस्करपणे झाकले, असे कोणी म्हटले तर काय उत्तर द्यावे?

याच संप्रदायातील योझेफ इस्राएल्स (१८२४-१९११) यांच्याशी तुलना केली की आक्षेपाला धार येते. बुडून मृत झालेल्या माणसाला किनाऱ्यावरून वाहून नेणाऱ्या कोळ्यांचे त्यांचे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यात समुद्राची किंमत कोण मोजतो हे स्पष्ट दिसते. मेस्डाख यांच्या चांदण्यात त्याचा उच्चार नाही. माने यांनी १८६८-६९ च्या सुमारास रंगवलेल्या बुलोन्य बंदराच्या चांदण्यातील चित्रातही धक्क्यावर होड्यांची वाट पाहणाऱ्या स्त्रियांचा घोळका आहे. रात्र असूनही त्यांच्या पांढऱ्या टोप्या चंद्रप्रकाशात उठून दिसतात. याचा अर्थ, चांदण्यात माणूस दाखवता येत नाही हे कारण पुरेसे नाही. मेस्डाख यांनी तो दाखवला नाही, ही त्यांची निवड आहे.

ही निवड होड्यांच्या बाबतीतही दिसते. १८६६ मध्ये स्खेवेनिंगेनच्या व्यवसायात 'लॉगर' नावाचे नव्या बांधणीचे, वेगवान जहाज आले. त्याला वाळूवर टेकणे शक्य नव्हते, त्यामुळे ते दुसरीकडच्या बंदरांवर अवलंबून राहिले. गावाचे रूपही बदलत होते. १८१८ पासून सुरू झालेल्या समुद्रस्नानाच्या व्यवसायाने किनाऱ्यावर पर्यटक आणले आणि १८८५ मध्ये कुरहाउस हे मोठे हॉटेल उभे राहिले. मेस्डाख यांची रात्र मात्र बॉम होड्यांचीच राहिली. हॉटेलचे दिवे किंवा पर्यटकांची वर्दळ तिच्यात शिरत नाही. डिसेंबर १८९४ च्या वादळात किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या अनेक बॉम फुटल्या, बंदराची मागणी अटळ झाली, आणि १९०४ मध्ये बंदर झाल्यावर वाळूवर येऊन टेकणाऱ्या होडीची गरजच संपत गेली. ज्या जीवनपद्धतीचा अंत चित्रकाराच्या डोळ्यांसमोर होत होता, तिला त्याने चांदण्यात जणू काळाबाहेर ठेवले. येथे त्याचे निरीक्षण निवडक होते, आणि निवडीचा कल भूतकाळाकडे आहे.

तथापि आक्षेप पूर्णपणे मान्य केला तर एक गोष्ट निसटते. इस्राएल्स यांचे चित्र कोळ्यांचे दुःख आपल्यासमोर आणते, आणि आपण हळहळतो. हळहळणाऱ्या प्रेक्षकाची जागा सुरक्षित असते. मेस्डाख यांच्या चांदण्यात करुणेला अवसर नाही, तसा भावुकतेलाही नाही. तेथे माणूस दिसत नाही, पण त्याच्या कामाचा काळ आणि त्याच्या नजरेची उंची मात्र प्रेक्षकाला घ्यावी लागते. ही देणगी मर्यादित आहे. तिच्यामुळे आक्षेप रद्द होत नाही, परंतु ही चित्रे केवळ दिवाणखान्याची सजावट होती हा निकालही टिकत नाही. एकाच विषयाची वारंवार पुनरावृत्ती करताना काही चित्रे साचेबंद झाली, हे मान्य करूनही हे म्हणता येते.

समारोप

मेस्डाख यांच्या चांदण्यातील समुद्रचित्रांचे मूल्य ठरवताना दोन टोके टाळावी लागतील. चंद्र, पाणी आणि होडी दिसली की रम्यतेचा शिक्का मारणे हे एक टोक, आणि चेहरे दिसले नाहीत म्हणून श्रमाची वंचना झाली असे ठरवणे हे दुसरे. डोळ्याच्या मर्यादा, प्रकाशाच्या परावर्तनाचे नियम, भरती-ओहोटीचा क्रम आणि मासेमारीचा इतिहास यांचा आधार घेतला तर असे दिसते की चित्रकाराने रात्रीला खोटे रंग दिले नाहीत, पाहणाऱ्याला टेकडीवरून खाली उतरवले, आणि चंद्राला भावनेच्या सेवेतून काढून कामाच्या वेळेशी जोडले. त्याच वेळी त्या कामाची माणसे आणि त्या कामाचा होत असलेला शेवट, या दोहोंविषयी तो मूक राहिला.

कलाकृतीतील मौन हे दरवेळी दोष नसते, पण ते कोणाविषयीचे आहे हे समीक्षेने सांगितले पाहिजे. साहित्य, इतिहास आणि भौतिकशास्त्र हे विषय महाविद्यालयांत स्वतंत्र वर्गांत शिकवले जातात. अशा एखाद्या चित्रापुढे मात्र ते एकमेकांवाचून अपुरे पडतात. चंद्रबिंबाखालचा प्रकाशाचा पट्टा कोणाच्या डोळ्यापर्यंत येतो हे भौतिकशास्त्र सांगू शकते. त्या पट्ट्याच्या कडेला अंधारात जाळी ओढणारा कोण होता, हे विचारण्याची जबाबदारी इतिहासाची आणि समीक्षेची आहे.